इंजिन सोपं, एक्सल अवघड

सकाळी ८. कोल्हापूरचं उद्यमनगर. आज सुट्टी, त्यामुळे शेजारचे लेथ गप्प आहेत. एरवी इथे ओरडूनच बोलावं लागतं. भाचा आणि त्याचे कॉलेजचे तिघं मित्र टेम्पोतून त्यांच्या गो-कार्टसाठी पल्सर १५०चं जुनं इंजिन उतरवतात. मी आधी कागद मागतो. भंगारातून इंजिन घेताना मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा हातात हवा. नंबर चोरीच्या गाडीचा निघाला की खेपा कुणाला घालाव्या लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. कागद बरोबर आहेत.

९ वाजता चौकट. एक इंची सीमलेस पाईप कालच कापून, वाकवून ठेवलेत. पोरांना लगेच वेल्डिंग हवंय. वेल्डिंगचे मिस्त्री दाद देत नाहीत. आधी दोन्ही कर्ण मोजायचे, ते जुळले तर टाके मारायचे, टाके झाले की पुन्हा कर्ण. "टाका तोडाय येतोय, भावा. पुरा रन तोडाय गेलास तर पाईपच जातोय." गरम जोड थंड होताना पाईप आपल्याकडे ओढतो, म्हणून एक टाका या कोपऱ्यात, दुसरा समोरच्या. अकरापर्यंत हेच चालतं.

११. इंजिन चौकटीत फक्त टेकवून बघतो. बाईकवर ते ज्या कलात बसलं होतं, त्याच कलात इथेही बसायला हवं, नाहीतर कार्बोरेटरचा फ्लोट आणि ऑइलची पातळी दोन्ही बिघडतात. दुसरी अडचण सायलेन्सरची. बाईकवर तो हेडच्या पुढून निघून खाली वळतो. इथे हेडच्या पुढे चालवणाऱ्याची पाठ आहे. पाईप कापून बाजूला वळवला आणि सीटमागे पत्रा घातला. कूलिंगचाही प्रश्न आहेच. हवेवर थंड होणारं इंजिन माणसाच्या आडोशाला बसलं की त्याला वारा लागत नाही. पत्र्याला बाजूने मोकळी वाट ठेवली.

१२ ते २. आजचं खरं काम. गो-कार्टच्या मागच्या एक्सलला डिफरन्शियल नसतो. ३० मिलीमीटरचा एकच शाफ्ट, दोन्ही चाकं त्याला चावीने पक्की, दोन्ही एकाच वेगाने फिरणार. मग वळणावर आतलं चाक घसटेल त्याचं काय? ते उचलायचं. पुढच्या किंगपिनला मागे कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. स्टीअरिंग फिरवलं की त्या कलामुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि त्याच बाजूचं मागचं चाक हलकं होतं. भाच्याला सीटवर बसवलं, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे आणि डाव्या मागच्या चाकाखाली पुठ्ठ्याची पट्टी सारली. अडली. कल थोडा वाढवून पुन्हा बघितलं, पट्टी आरपार गेली. पुस्तकातलं चित्र चौघांना तेव्हा कळलं.

जेवण. डबे खाताना मी सांगतो की पहिली कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या माणसाने केली, रेसच्या गाड्या बांधणारा कारागीर तो, आणि इंजिन लावलं गवत कापायच्या यंत्राचं. त्याला गिअरबॉक्सची कटकट नव्हती. आपल्याकडे क्लच आणि पाच गिअर आयते येतात, पण मग गिअरचा दांडा आणि क्लचची केबल सीटपर्यंत आणायची.

३ वाजता चेन. इंजिनचं पुढचं स्प्रॉकेट आणि एक्सलवरचं मागचं एका ओळीत हवं, दोरी लावून बघायचं. एक सूत फरक राहिला तरी चेन एका बाजूने दात खाते आणि शेवटी उतरते. मोठ्या दातांचं स्प्रॉकेट घ्यावं का, असं पोरं विचारतात. गरज नाही. बाईकचं मागचं चाक साधारण ६१० मिलीमीटर, कार्टचं २८०. तेच स्प्रॉकेट ठेवलं तर बाईकवर जिथे ताशी १०० भरतात तिथे इथे ४६च्या आसपास. जमिनीला टेकून बसलेल्या माणसाला तेवढा वेगही दुप्पट वाटतो. पहिल्या गाडीला पुरे.

५. इंजिन उतरवून पुरा रन, म्हणजे टाक्यांच्या जागी सलग वेल्डिंग. इग्निशनचा सीडीआय आधीच सोडवून ठेवला, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने जळतो. अर्थची क्लिप जोडाच्या शेजारी. करंट बेअरिंगमधून गेला तर आतल्या गोळ्यांना डाग पडतात.

साडेसात. इंजिन परत बसलं. ब्रेकची डिस्क एक्सलवर, मास्टर सिलिंडर पल्सरचाच. पेट्रोलची टाकी कार्बोरेटरच्या वर हवी, पंप नाही ना. किक मारली, इंजिन लागलं, चाकं हवेत फिरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे चेनकडे बघत होते. ती नाचली नाही.

उद्या चेनवर आणि एक्सलवर पत्र्याचं झाकण. ते झाल्याशिवाय गाडी गाळ्याबाहेर जाणार नाही. २०१८ साली हरियाणातल्या पिंजोरला गो-कार्टमध्ये केस अडकून एका महिलेचा जीव गेला. केस बांधा, ओढणी काढून ठेवा, हेल्मेट घाला. आणि ही गाडी रस्त्यावर काढू नका. तिची नोंदणी होत नाही, ती फक्त ट्रॅकवर किंवा बंद मैदानातच चालवायची.