चिरडलेले पांढरे दाणे

माझ्या लहानपणी आमच्या रानात मका असायचा. ऐन वाढीच्या दिवसांत काही ताटांचा पोंगा सुकून जाई. हाताने ओढला की अलगद निघून येई. अब्बा असे ताट उपटून विळ्याने उभे चिरत. आत भुसा आणि अंगावर ठिपके असलेली मळकट अळी. हाच खोडकिडा. एकदा मेलेल्या अळीशेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे दिसले. "हिचीच अंडी असणार, चिरड," अब्बा म्हणाले. मी चपलेने चिरडले.

पुढे कितीतरी वर्षांनी एका कृषी सहायकांनी मला सांगितले, "अहो, अळी अंडी घालतच नाही. अंडी पतंग घालतो, तीही पानावर. ते दाणे म्हणजे अळीला मारणाऱ्या बारीक गांधीलमाशीचे कोश." म्हणजे आम्ही चिरडला तो मित्र!

या मित्राची खरी किंमत कळते ती पूर्व आफ्रिकेत. ठिपक्यांचा हा खोडकिडा मूळचा आपल्या आशियातला. १९३०च्या सुमारास तो आफ्रिकेतील मलावीत प्रथम आढळला आणि हळूहळू केनियापर्यंत पसरला. तिथे मका हे रोजचे अन्न. मक्याच्या पिठाची 'उगाली' नसेल तर जेवण झाले असे वाटत नाही. किडा गेला, पण त्याच्यावर वचक ठेवणारे त्याचे शत्रू मागे आशियातच राहिले. अळी एकदा खोडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि लहान शेतकऱ्याला औषध परवडतही नाही.

मग शास्त्रज्ञांनी किड्याचे मूळ गाव गाठले. १९६८ ते १९७२ या काळात आशियातून परोपजीवी कीटक नेऊन पूर्व आफ्रिकेत सोडले गेले, पण ते तिथे रुजले नाहीत. पुढे नैरोबीच्या 'इसिपे' या आंतरराष्ट्रीय कीटकशास्त्र संस्थेने पुन्हा प्रयत्न केला. पाकिस्तानातून 'कोटेसिया फ्लाविपेस' ही गांधीलमाशी आणून प्रयोगशाळेत वाढवली आणि १९९३ साली केनियाच्या किनारी भागात सोडली. या वेळी ती रुजली. काही वर्षांत त्या भागात खोडकिड्याची संख्या लक्षणीय घटली. मोझांबिक, युगांडा, मलावी, झांबिया इथेही ती सोडण्यात आली.

'फ्लाविपेस' म्हणजे पिवळ्या पायांची. अंगाने काळी, लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. माणसाला तिचा काही त्रास नाही. पोखरलेल्या ताटाच्या आणि अळीच्या विष्ठेच्या वासावरून ती नेमके ताट शोधते. छिद्रातून आत शिरते आणि अळीच्या अंगात तीस-चाळीस अंडी घालते. हे धाडसच आहे, कारण अळी उलटून चावते आणि कित्येक माद्या तिथेच मरतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले दहा-बारा दिवस अळीच्या अंगात वाढतात, बाहेर पडतात आणि पांढरे कोश विणतात. अळी मरते. पाच-सहा दिवसांनी कोशांतून नव्या माश्या निघतात. त्यांचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे, पण तेवढ्यात त्या पुढच्या अळीचा माग काढतात.

ही माशी आपल्याकडेही आहे. शिवाय खोडकिड्याच्या अंड्यातच आपले अंडे घालणारी, तिच्याहून बारीक अशी ट्रायकोग्रामा माशी आपले शेतकरी वापरतात. तिने अंडी घातलेली 'ट्रायकोकार्डे' मिळतात. त्यांच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या. मात्र पतंग अंडी घालू लागतात तेव्हाच त्या लावायला हव्यात. अंड्यातून अळी निघून खोडात शिरल्यावर कार्डाचा उपयोग नाही. आणि कार्ड लावून वर कडक विषारी औषध फवारले, तर आपणच बोलावलेला पाहुणा आपल्या हाताने मारल्यासारखे होते.

प्रवास उलट दिशेनेही होतो. मूळची अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत आढळली आणि २०१८ मध्ये आपल्या मक्यावर येऊन धडकली. तेव्हा घाबरून आपण भरमसाट फवारण्या केल्या. तिच्या अंड्यांवर जगणारे बारीक मित्रकीटक आपल्याकडेही आहेत, पण फवाऱ्याला शत्रू कोण आणि मित्र कोण हे कुठे कळते?

औषध कधीच मारू नये, असे मी म्हणत नाही. कर्ज काढून पेरलेल्या माणसाला असले उपदेश करणे सोपे असते. पण फवारण्याआधी दोन-चार ताटे चिरून पाहावीत, एवढे मात्र सांगावेसे वाटते.

अब्बा आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात भावाच्या रानात सुकलेले एक ताट चिरले, तर आत तेच पांढरे दाणे. पुतण्याने विचारले, "चाचा, चिरडू?"

म्हटले, "थांब बेटा. ते ताट तसेच बांधावर सावलीत ठेव. दोन-चार दिवसांनी येऊन बघ."