अंगणातलं केकताड

घायपात, म्हणजे आपलं केकताड, बांधावरून अंगणात आणायचंय? हट्ट्यासारख्या काळ्या मातीच्या गावात आधी मुरूम-वाळूचा दीड फूट उंच ओटा करा. उन्हाळा हे झाड सहज काढतं. पावसाळ्यात मुळाशी साचलेलं पाणी मात्र त्याला कुजवतं. मूळ मेक्सिकोचं हे झाड पर्णरंध्रं रात्री उघडतं, म्हणून दिवसाच्या उन्हात त्यातलं पाणी फारसं उडत नाही. ज्याच्या वाखाचे दोर वळले जायचे, तेच हे!

मोठी जात सहा फूट उंच, आठ-दहा फूट रुंद होते. पानांची टोकं सुयांसारखी, चीक अंगाला खाजतो. वर्षानुवर्षांनी एकदाच उंच दांडा येतो, फुलतो, मग झाड वाळतं. बुडाची पिल्लं तेवढी जपा. आणि लेकरांच्या वाटेवर हे लावू नका.