नॉर्वेचा हातमोजा आणि केशवराव दाते
(नटांच्या वाटा : लेखांक सहावा)

बोईसरला तारापूर एमआयडीसीच्या रस्त्याने गेलं की कुठल्या ना कुठल्या कुंपणावर रबरी हँडग्लोज वाळत घातलेले दिसतात. पाची बोटं ताठ, पाळी सुटायची वाट बघत असल्यासारखी. आपल्या पालघर पट्ट्यात हातमोजा म्हणजे हाच, अ‍ॅसिडपासून कातडी वाचवणारा. थंडीसाठी तो इथे कुणाला लागत नाही आणि प्रतिष्ठेची खूण म्हणून तर नाहीच नाही. आजच्या नटाची गोष्ट एका हातमोज्यापासून सुरू होते, म्हणून आधी हे सांगितलं.

तो हातमोजा नॉर्वेचा. ब्यर्नस्टर्न ब्यर्नसन हा तिथला मोठा लेखक. इब्सेनचा समकालीन, नॉर्वेच्या राष्ट्रगीताचा कवी आणि 1903च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी. बेर्गनच्या आणि राजधानीच्या नाटकगृहांचा कारभारही त्याने पाहिलेला, त्यामुळे नटांकडून काम कसं करून घ्यायचं हे त्याला पक्कं ठाऊक. 1883 साली त्याने नाटक लिहिलं, नाव सरळ ‘हातमोजा’. स्वावा नावाच्या मुलीचं लग्न ठरतं, आणि होणाऱ्या नवऱ्याचं पूर्वीचं प्रकरण तिला कळतं. बाईने लग्नाआधीचा हिशेब चोख ठेवायचा आणि पुरुषाला मात्र कुणी विचारायचंसुद्धा नाही, हे तिला मान्य नाही. ती हातातला मोजा काढते आणि त्याच्या तोंडावर फेकते. त्या फेकण्यावरून सगळ्या स्कँडिनेव्हियात वर्षानुवर्षं वाद चालला.

पन्नास वर्षांनी श्रीधर विनायक वर्तकांनी हेच नाटक मराठीत आणलं. पण मोजा कुठून आणायचा? कोकण-मुंबईच्या दमट हवेत ब्राह्मणी दिवाणखान्यातली मुलगी हातमोजे घालून बसली तर प्रेक्षक हसूनच घर गाठतील. वर्तकांच्या नाटकाचं नाव झालं ‘आंधळ्यांची शाळा’. मला हे नाव मूळ नावापेक्षा तिखट वाटतं. मोजा एका पुरुषाच्या तोंडावर बसतो. हे नाव सबंध समाजाला बाकावर बसवतं.

प्रयोग झाला 1 जुलै 1933 रोजी मुंबईत. संस्था ‘नाट्यमन्वंतर’. वर्तक, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर अशी शिकलेली, पश्चिमेकडची नवी रंगभूमी वाचून अस्वस्थ झालेली ही मंडळी. त्यांनी काय बदललं? रंगवलेले पडदे गेले आणि तीन भिंतींची खरी खोली आली. स्वगत गेलं. गाणी पदराला गाठ मारून मोजावीत इतकी कमी झाली. चाली केशवराव भोळ्यांच्या, वन्समोअरसाठी थांबून न राहणाऱ्या. आणि बाईचं काम बाईने केलं. बिंबाच्या भूमिकेत होत्या ज्योत्स्ना भोळे, तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांच्या. या तरुण मंडळींत एक नट मात्र चाळिशी ओलांडलेला, जुन्या रंगभूमीवर मुरलेला. केशवराव दाते.

केशवराव 1889चे, रत्नागिरी जिल्ह्यातले. खाडिलकरांच्या गद्य नाटकांनी गाजलेल्या महाराष्ट्र नाटक मंडळीत ते तयार झाले. सुरुवात, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, लुगडं नेसून स्त्रीभूमिकांची. तेव्हा माईक नव्हता. पिटातल्या शेवटच्या माणसाला शब्द ऐकू गेला तर पगार हलाल. म्हणून आवाज फेकायचा, हात लांबवायचा, वाक्याच्या शेवटी जरा थांबून टाळीला जागा द्यायची. त्याला खोटेपणा म्हणणं अन्यायाचं होईल, ती एक वेगळी विद्या होती. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी रात्रभर जागून पाहिलाय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. तिथे सोंगाचा चेहरा मुखवट्याखाली बंद असतो. मशालीच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर नाचणाऱ्याचे पाय आणि खांदेच देव काय म्हणतो ते सांगतात. लांबून दिसेल असं करायचं, हा दोन्हीकडचा एकच नियम.

‘आंधळ्यांची शाळा’ने हा नियमच काढून घेतला. पात्रं खोलीत बसून आपसात बोलतात, प्रेक्षक जणू खिडकीतून बघतोय. पंचवीस वर्षं फेकत आलेला आवाज आता समोरच्या खुर्चीपर्यंतच पोचवायचा. वय झालेल्या नटाला याहून अवघड शिक्षा नाही. केशवरावांनी ती हौसेने घेतली.

नाट्यमन्वंतर फार जगलं नाही. पण माझं म्हणणं असं, की केशवरावांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं भांडवल त्या एका नाटकाने दिलं. तारखाच बघा ना. 1933 साली नॉर्वेचं नाटक, 1934 साली प्रभात कंपनीचा चित्रपट ‘अमृतमंथन’. बोलपट मराठीत येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली. रंगभूमीवरचे कितीतरी नामवंत माईकसमोर नाटकासारखेच ओरडत. व्ही. शांतारामांनी ‘अमृतमंथन’ मराठी आणि हिंदी असा दोनदा केला. हिंदीत राजगुरू चंद्रमोहन, मराठीत केशवराव. चंद्रमोहनच्या डोळ्यांचा दरारा पुढे दंतकथा झाला. केशवरावांकडे तसले डोळे नव्हते. त्यांच्यापाशी होता तो शब्दांवरचा ताबा. मोठ्याने न बोलता माणूस भीतिदायक कसा होतो, हे त्यांच्याकडून शिकावं.

आणि मग ‘कुंकू’, 1937. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. बोईसरच्या माणसाला मुंबईत नाटक पाहायचं म्हणजे तिसऱ्या अंकात घड्याळाकडे बघत, डहाणू लोकल गाठायला अंधारात गुडघे चुकवत बाहेर पडणं आलं. म्हणून मी अलीकडे उलटा उद्योग करतो. जुने चित्रपट मोबाइलवर, गाडीतच बघतो. ‘कुंकू’ असाच विरार ते बोईसर तुकड्यातुकड्याने पाहिला. वैतरणेच्या पुलावर गाडीचा खडखडाट इतका वाढतो की काही ऐकू येत नाही, पण चित्र चालू होतं. आणि पडद्यावर केशवरावांचे काकासाहेब आरशासमोर उभे राहून पांढऱ्या मिशांना कलप लावत होते.

आवाज नसतानाही सगळं समजलं. काकासाहेब वकील, विधुर, मोठ्या मुलांचे बाप. तरुण नीराशी, म्हणजे शांता आपट्यांशी, फसवून लग्न केलेले. दुसऱ्या कुणी हा म्हातारा खलनायक केला असता नाहीतर विदूषक. केशवराव तो आधी हास्यास्पद करतात, मग चिडका, आणि हळूहळू अशा टोकाला नेतात की त्याची दया यावी आणि दया आली म्हणून आपलाच राग यावा. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठेचाळीस. सफाळ्याला आवाज परत आला तो घड्याळाच्या टिकटिकीसकट. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं. अशा शांततेत नटाने एक शब्द जास्त जोरात उच्चारला तरी तो भांडं पडल्यासारखा वाजतो. केशवरावांचा एकही वाजत नाही. शेवटी काकासाहेब नीराला मोकळी करण्यासाठी स्वतःला संपवतात. तिथवर पोचेतो उमरोळी मागे पडली होती.

गंमत म्हणजे ‘कुंकू’ची नीरा जे विचारते ते स्वावाच्या प्रश्नाच्या जवळचंच. पुरुषाला जे चालतं त्याचा जाब बाईने का मागू नये? नॉर्वेच्या नाटकाच्या मराठी अवताराने घडवलेला नट चार वर्षांनी त्याच प्रश्नाच्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, हे मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात सुंदर वळण वाटतं.

1941च्या ‘शेजारी’त ते पाटील झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. धरणामुळे दुरावलेले आणि धरणावरच एकमेकांचा हात धरून मरणारे हे दोन मित्र बघताना पाटलाची हट्टी मान लक्षात राहते. पुढे ते शांतारामांबरोबर त्यांच्या राजकमल चित्रसंस्थेत गेले. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त कोटणीसांचे वडील, ‘झनक झनक पायल बाजे’त नृत्यगुरू मंगल महाराज. रंगीत पडदा, भव्य सेट, घुंगरांचा गजर, त्यात हा साठी उलटलेला माणूस. 1971 साली ते गेले.

‘आंधळ्यांची शाळा’तल्या त्या एकोणीस वर्षांच्या बिंबाचं पुढे काय झालं, आणि नऊ वर्षांनी ‘कुलवधू’ नाटकाच्या निमित्ताने ज्योत्स्नाबाई इब्सेनच्या नोराशेजारी कशा येऊन उभ्या राहिल्या, ते पुढच्या आठवड्यात.