फडक्यापासून सुरू झालेलं कॉलेज

भांडी पुसायच्या फडक्यात कोणते जंतू वाढतात, हे शेतकऱ्यांच्या बायकांना समजावून द्यायचं म्हणून मार्था व्हॅन रेन्सलर यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या जीवाणुशास्त्राच्या प्राध्यापकांकडे वर्गात बसायची परवानगी मागितली. त्यावर, बायकांना जंतू कळून काय करायचंय, फडकं स्वच्छ असलेलं बरं एवढं सांगा की, असं उत्तर मिळाल्याची आठवण सांगतात. कॉर्नेलचं गृहअर्थशास्त्र या उत्तराशी भांडतच वाढलं.

न्यू यॉर्क राज्यातल्या शेतकऱ्यांसाठी विद्यापीठ माहितीपत्रकं काढत होतंच. १९०० मध्ये बाईंना बोलावलं ते शेतकऱ्यांच्या बायकांसाठी तसंच काही सुरू करायला. पहिल्या पत्रकाचा विषय होता: घरकामातली पावलं कशी वाचवायची. पाण्यासाठी, सरपणासाठी बाईला दिवसभरात किती खेपा पडतात, हे तोवर फारसं कुणी विचारलं नव्हतं. पुढे रीतसर वर्ग भरू लागले. १९११ मध्ये बाई आणि त्यांच्या सहकारी फ्लोरा रोझ पूर्ण प्राध्यापक झाल्या, आणि १९२५ मध्ये न्यू यॉर्क राज्याचं स्वतंत्र गृहअर्थशास्त्र कॉलेजच उभं राहिलं.

शिक्षण नुसतं फळ्यावरचं नव्हतं. मुलींनी काही आठवडे एकत्र राहून एक घर चालवायचं: बाजार, स्वयंपाक, साफसफाई, जमाखर्च, सगळं पाळीपाळीनं. त्या घरात १९२०पासून खरंखुरं तान्हं मूलही असे, अनाथाश्रमासारख्या संस्थेतून आणलेलं. आज आई कोण, तेही पाळीवर. दूध किती प्यायलं, झोप किती झाली, वजन किती वाढलं, सगळ्याची नोंद. मुलांना आडनाव दिलं होतं 'डोमेकॉन', म्हणजे 'डोमेस्टिक इकॉनॉमी'चं लघुरूप! नोंदींची शिस्त वाखाणण्यासारखी, पण दर थोड्या दिवसांनी आई बदलणाऱ्या त्या बाळाला काय वाटत असेल, याचा रकाना वहीत नव्हता. पुढे ही मुलं दत्तक जात, आणि त्यांना मागणीही भरपूर असे.

महामंदीत या हिशेबीपणाचा कस लागला. मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये कॉर्नेलच्या बेताचं जेवण वाढलं: टोमॅटोच्या सॉसमधली भरलेली अंडी, कुस्करलेले बटाटे, पाव-लोणी, सुक्या प्लमचं पुडिंग आणि कॉफी. माणशी खर्च साडेसात सेंट. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या ताटातही तेच.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती १९२२ची गोष्ट. याच गृहअर्थशास्त्राच्या छपराखाली हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम निघाला आणि तिथे मुलगे दाखल झाले. शिकायचं काय, तर खरेदी, कोठीघर, स्वयंपाक, चादरी, हिशेब. म्हणजे हॉटेलात गेलं की त्याच कामाला हुद्दा आणि पगार. घरात राहिलं की नुसतं कर्तव्य. पुढे हॉटेलवाल्यांची शाळा वेगळीही झाली.

घरातल्या या कामाला अर्थशास्त्रात जागा करून दिली ती आयोवात शिकवणाऱ्या मार्गारेट रीड यांनी, १९३४च्या आपल्या पुस्तकात. त्यांची कसोटी साधी होती: पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल असं कुठलंही घरकाम हे उत्पादनच. म्हणजे पोळ्या लाटणं उत्पादन, पण त्या खाणं नाही. जेवायला माणूस लावता येत नाही.

ही कसोटी राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात अजून शिरलेली नाही. निदान वेळ तरी आता मोजला जातो. भारताच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. आणि असा हात लावणारे पुरुष मुळातच थोडे.