दुर्बल हृदयाला पथकाचा आधार

‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द कानी पडताच रुग्णाचे आप्त हवालदिल होतात. हृदय बंद पडले, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः हृदय चालूच असते. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती तेवढी उणावलेली असते. परिणामी मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, पाय सुजतात, उताणे निजले की दम लागतो. इस्पितळात औषधांनी हे पाणी उतरविण्यात येते व रुग्ण घरी जातो. खरी कसोटी तेथून पुढे लागते. कारण अनेक रुग्ण काही आठवड्यांतच पुन्हा दाखल होतात.

अमेरिकेतील सेंट लुइस येथे डॉ. मायकेल रिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास करून १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सत्तरी गाठलेल्या वा ओलांडलेल्या २८२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांवर नेहमीचे उपचार झाले. उरलेल्यांची जबाबदारी एका पथकाकडे सोपविण्यात आली. त्यात नवे औषध कोणतेच नव्हते. परिचारिकेने आजार समजावून सांगितला, आहारतज्ज्ञाने जेवणातील मीठ पाहिले, समाजसेवकाने घरी परतण्याची व्यवस्था लावली, हृदयरोगतज्ज्ञाने औषधांची यादी तपासून सुटसुटीत केली. पुढे घरभेटी व दूरध्वनीने विचारपूस चालू राहिली. नव्वद दिवसांत याच आजाराने पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग नेहमीच्या उपचारांत ५४, तर पथकाच्या रुग्णांत २४ घडले. रुग्णामागे सुमारे ४६० डॉलर खर्चही वाचला, ही गोष्ट अंदाजपत्रके करणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

अशा पथकाचे सर्वांत प्रभावी साधन कोणते? साधा वजनकाटा! रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत ते दोन किलोंहून अधिक वाढले, तर तो बहुधा साठलेल्या पाण्याचा भार असतो. पायांवरची सूज पुष्कळदा यानंतर दिसते. या टप्प्यावर डॉक्टरांनी लघवीच्या गोळीची मात्रा बदलून काम भागू शकते; आठवडा दवडला तर खाट गाठावी लागते. औषधनिर्मात्याचे कामही असेच मोलाचे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक वा आयब्युप्रोफेन शरीरात मीठ व पाणी अडवते, हे रुग्णाला ठाऊक नसते. शिवाय हृदयाला बळ देणाऱ्या काही औषधांच्या मात्रा रक्तदाब, मूत्रपिंडांचे कार्य व पोटॅशियम तपासत हळूहळू वाढवाव्या लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एकट्या डॉक्टराला ते साधणे कठीण.

आपल्या देशातील चित्र अधिक गंभीर आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १८ रुग्णालयांत २०१३ मध्ये नोंदलेल्या १,२०५ रुग्णांपैकी सुमारे ५९ टक्के पाच वर्षांत दगावले. त्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास, म्हणजे सेंट लुइसच्या रुग्णांहून बरेच कमी होते.

महाराष्ट्रात उपकेंद्रावर वजनकाटा व रक्तदाबाचे यंत्र असते, आशा कार्यकर्ती घरोघर जाते. मात्र शहरातील इस्पितळातून रुग्ण गावी परतल्याची वार्ता तिला कळली पाहिजे. त्यासाठी घरी सोडतानाच्या कागदावर रुग्णाचे त्या दिवशीचे वजन, चालू औषधे आणि वजन वाढल्यास कोणाला कळवावे त्याचा दूरध्वनी क्रमांक मराठीत लिहिलेला असावा, आणि त्याची एक प्रत उपकेंद्राकडे जावी. लोणचे, पापड व खारी सुकी मासळी वर्ज्य असल्याची ओळही त्यावर हवी. ती मात्र स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवावी.