कोरियन ऑनलाइन भूमिका-खेळांतील दोषांची मीमांसा

कोरियन ऑनलाइन भूमिका-खेळांवर जे आक्षेप घेतले जातात ते बहुधा सुटे सुटे घेतले जातात. एकाच जातीचे राक्षस हजारो वेळा मारावे लागतात; कष्टाने मिळविलेली तलवार एका क्षणात नाहीशी होते; आणि अखेरीस ज्याच्या गाठी पैसा तोच त्या जगावर राज्य करतो, अशी ही तक्रारींची मालिका आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोष परस्परांहून भिन्न नाहीत. त्यांचे मूळ रचनाकारांच्या अकौशल्यात नसून, खेळ ग्राहकाला नेमके काय विकतो या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

प्रथम संज्ञेचा थोडा खुलासा करणे इष्ट होईल. भूमिका-खेळात खेळणारा योद्धा, जादूगार अशा एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि त्या पात्राचे सामर्थ्य पायरीपायरीने वाढवीत नेतो. खेळ ऑनलाइन असला म्हणजे हजारो खेळाडू एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात. कोरियात नेक्सॉन या कंपनीने 1996 साली ‘वाऱ्याचे राज्य’ अशा अर्थाच्या नावाचा खेळ काढला. 1998 साली एनसीसॉफ्टचा ‘लिनिएज’ आला. दोहोंची कथानके तेथील लोकप्रिय चित्रकथांवरून घेतलेली होती. 1997 च्या आर्थिक अरिष्टानंतर गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ निघाले. ताशी भाडे देऊन संगणक वापरावयाच्या या खोल्यांत हे खेळ वाढले, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कारण या पहिल्या कालखंडात विकली जाणारी वस्तू वेळ ही होती. लिनिएजचा खेळाडू मासिक वर्गणी देई किंवा पीसी बांगचे भाडे भरी. तो जितका काळ खेळात राहील तितका व्यवसायाचा लाभ, हे उघड आहे. पण कथा लिहून काळ भरणे खर्चाचे असते; तोच राक्षस पुन्हा उभा करणे जवळजवळ फुकट पडते. अशा रीतीने पुनरावृत्ती हा खेळाचा स्थायीभाव झाला. खुद्द कोरियन खेळाडू या प्रकाराला ‘नोगादा’ म्हणतात. हा शब्द बांधकामावरील मजुरीसाठी वापरला जातो आणि तो मूळ जपानीतून आला असे मानतात. आपल्याकडे घाण्याच्या बैलाची उपमा सुचली असती. परंतु बैलाला निदान सक्ती असते, येथे मजूरच भाडे भरून मजुरी करतो.

दुसरा दोष शस्त्रे बळकट करण्याच्या पद्धतीचा. कोरियन भाषेत तिला ‘कांगह्वा’ म्हणतात. लिनिएजमध्ये शस्त्र सहाव्या पायरीपर्यंत निर्धोकपणे वाढविता येते. त्यापुढे प्रयत्न फसला तर शस्त्रच नष्ट होऊ शकते. समजा, पुढील प्रत्येक पायरीवर यशाची शक्यता तीनांत एक आहे. मग नवव्या पायरीची एक तलवार हाती येण्यासाठी सरासरीने सहाव्या पायरीच्या सत्तावीस तलवारी लागतील. सव्वीस नाहीशा होतील. हा नाश निरर्थक नाही. खेळात रोज नव्या तलवारी निर्माण होत असतात. त्यांतील बऱ्याचशा कोठेतरी जिरल्या नाहीत तर त्यांचे मोल उतरेल. चलनवाढ रोखण्याचाच हा उपाय होय. मात्र त्याचा भार ज्याच्याजवळ एकच तलवार आहे त्याच्यावर सर्वांत अधिक पडतो. सत्तावीस तलवारी बाळगणाऱ्याच्या दृष्टीने तो केवळ हिशेबाचा भाग असतो.

शिवाय लिनिएज हा किल्ले जिंकण्याचा खेळ आहे, आणि तेथे तलवारीचे मूल्य सापेक्ष असते. शेजाऱ्याची तलवार वाढली की माझी, होती तशीच राहूनही, घटते. याचे परिणाम ‘लिनिएज 2’ मध्ये 2004 साली बार्त्स नावाच्या सर्व्हरवर दिसून आले. एका प्रबळ गटाने किल्ले ताब्यात ठेवून कर वाढविला आणि शिकारीची उत्तम क्षेत्रे आपल्यापुरती राखली. तेव्हा दुर्बल खेळाडू हजारोंनी त्याच्यावर चालून गेले. धड चिलखतही नसलेल्या या पायदळाला ‘अंतर्वस्त्र सेना’ हे नाव पडले. या बंडाचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते योग्यच आहे. तथापि अशा बंडावाचून दुसरा मार्ग उरू नये, हाच रचनेचा दोष होय.

पुढे विक्रीची वस्तू बदलली. प्रवेश फुकट झाला आणि खेळातील वस्तू विकल्या जाऊ लागल्या. मोबाइलवर 2016 च्या अखेरीस आलेल्या ‘लिनिएज 2 : रेव्होल्यूशन’ मध्ये तर पात्र आपोआप लढते आणि मालकाने नुसते पाहत राहावयाचे! मजुरी यंत्राकडे गेली याचा अर्थ ती मनोरंजक नव्हती याची कबुलीच दिली गेली. आता वेळेऐवजी संभाव्यता विकली जाऊ लागली.

संभाव्यता ही अशी वस्तू आहे की तिचे माप विक्रेत्याच्याच हाती असते. नेक्सॉनच्या ‘मेपलस्टोरी’ मध्ये 2010 पासून ‘क्यूब’ विकले जात. त्यायोगे शस्त्रावरील गुणांच्या ओळी यदृच्छेने बदलत आणि शस्त्राची श्रेणीही वाढू शके. कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाच्या चौकशीत असे आढळले की, 2013 साली आलेल्या काळ्या क्यूबची श्रेणीवाढीची शक्यता 1.8 टक्क्यांवरून प्रथम 1.4 आणि 2016 मध्ये 1 टक्क्यावर आणली गेली, आणि ग्राहकाला त्याचा पत्ता नव्हता. अंक लहान दिसतात; पण अपेक्षित प्रयत्नांची संख्या 56 वरून 100 वर जाते. त्यातही शंभर क्यूब विकत घेणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे 37 जणांना काहीच लाभत नाही. याहून गंभीर बाब अशी की, तीनही ओळींत एकच विशिष्ट लाभदायक गुण येणे 2011 पासून अशक्यच करून ठेवले होते. 2021 मध्ये कंपनीने आकडे प्रसिद्ध केले तेव्हा हे बाहेर आले. तोवर लोक शून्य शक्यतेसाठी पैसे मोजत होते. जानेवारी 2024 मध्ये आयोगाने कंपनीला सुमारे 1,164 कोटी वॉन दंड केला, आणि 22 मार्च 2024 पासून कोरियात अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले.

कायद्याने माप उघडे झाले, परंतु वस्तू तीच राहिली. रचनेतच फेरफार करण्याचा एक प्रयत्न स्माइलगेटच्या ‘लॉस्ट आर्क’ मध्ये दिसतो. तेथे फसलेल्या प्रयत्नाने शस्त्र नष्ट होत नाही. उलट प्रत्येक अपयश ‘कारागिराचे बल’ या नावाने साठत जाते आणि ते शंभर टक्क्यांवर पोचले की पुढचा प्रयत्न हमखास यशस्वी होतो. दुर्दैवाला अशा प्रकारे वरची मर्यादा पडली. ती मर्यादा गाठेपर्यंत जे साहित्य लागते ते गोळा करण्यासाठी मात्र पुन्हा नोगादाच करावा लागतो, किंवा ते विकत घ्यावे लागते.