एकच गणित, उत्तरे मात्र वेगळी!

संगणकाचे गणित चुकत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात एकच प्रोग्राम दोन संगणकांवर चालविल्यास उत्तराचे शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात. ०.१ ही साधी संख्याही द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. ती कुठे तरी तोडावीच लागते.

नेहमीच्या ६४ बिटांच्या संख्येत सुमारे १५ ते १६ अंक विश्वासार्ह असतात. मधल्या आकडेमोडीतील चूक उत्तरापर्यंत पोहोचू नये, यासाठी इंटेलने १९८० मध्ये ‘८०८७’ या चिपमध्ये ८० बिटांची सोय केली. १९८५ च्या ‘आयईईई ७५४’ मानकाने मात्र अशा विस्तारित संख्येची किमान मर्यादाच घालून दिली, नेमका आकार नव्हे.

परिणामी ‘सी’ भाषेतील ‘लाँग डबल’ ही संख्या इंटेलवरील लिनक्समध्ये ८०, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ६४, तर ६४ बिटी एआरएमवरील लिनक्समध्ये १२८ बिटांची असते.

हा फरक क्षुल्लक नाही. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेंझ यांनी हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला आणि काही काळाने संपूर्ण अंदाजच पालटला. म्हणूनच संशोधनातील आकड्यांसोबत ते कोणत्या यंत्रावर, कोणत्या कंपायलरने काढले, याचीही नोंद आवश्यक ठरते.